अँड्रॉइड आणि आयफोन: सेटिंग सापडत नाही, अपडेट येत नाही, ॲप सारखं चालत नाही – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा शहर आणि आसपासच्या तालुक्यांत फोनबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात, त्यांची ही उत्तरं. वाचण्याआधी एक काम करा. सेटिंग्जमध्ये अगदी खाली (शाओमीत वर) 'अबाउट फोन' उघडा आणि तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: अँड्रॉइडची आवृत्ती, कंपनीच्या स्किनची, म्हणजे तिने अँड्रॉइडवर चढवलेल्या बांधणीची, आवृत्ती आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख. आयफोन असेल तर मॉडेल आणि आयओएसची आवृत्ती एवढं पुरे. खालच्या बहुतेक उत्तरांत या तीन नोंदी लागणार आहेत. 'फोन तसा नवाच आहे' एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही.

दोघांच्याही फोनवर अँड्रॉइड १४ आहे. भावाच्या फोनमध्ये दिसणारं सेटिंग माझ्यात का नाही?

पाया एकच आहे, घरं वेगळी बांधलेली आहेत. गूगल जे अँड्रॉइड सगळ्यांना खुलं करून देतं त्याला एओएसपी म्हणतात. त्यावर प्रत्येक कंपनी आपली बांधणी चढवते. सॅमसंगचं वन यूआय, शाओमीचं आधी एमआययूआय आणि २०२३ पासून हायपरओएस, ओप्पोचं कलरओएस, रिअलमीचं रिअलमी यूआय, वनप्लसचं ऑक्सिजनओएस, विवोचं इतकी वर्षं फनटच ओएस. यालाच बोलीत स्किन म्हणतात. तुम्हाला हवं असलेलं सेटिंग अनेकदा अँड्रॉइडचं नसतंच, ते स्किनचं असतं.

एकाच फोनवर दोन व्हॉट्सॲपचं उदाहरण घ्या. सॅमसंगमध्ये ते 'ड्युअल मेसेंजर' नावाने मिळतं, शाओमीत 'ड्युअल ॲप्स', रिअलमी आणि ओप्पोत 'ॲप क्लोनर', विवोत 'ॲप क्लोन'. गूगलच्या पिक्सेलमध्ये शोधत बसलात तर दिवस मावळेल. अर्थात २०२३ मध्ये व्हॉट्सॲपनेच अँड्रॉइडवर एका ॲपमध्ये दोन खाती दिली, त्यामुळे निदान तेवढ्यासाठी तरी आता स्किनच्या पाया पडायला नको.

व्हिडिओ बघून सेटिंग शोधताना फोनची कंपनी जुळते का एवढंच बघू नका. स्किनची आवृत्तीही जुळली पाहिजे. त्याहून सोपा उपाय म्हणजे सेटिंग्जच्या वर असलेला शोध. फोन मराठीत असेल तर तिथे मराठी शब्द टाका. इंग्रजी शब्द टाकून काहीच सापडलं नाही म्हणजे सोय नाहीच, असं समजू नका.

आयफोनमध्ये ही भानगड नाही ना?

कमी आहे, नाही असं नाही. आयफोनमध्ये सॉफ्टवेअर करणारा आणि फोन विकणारा एकच, त्यामुळे मेन्यू सगळीकडे सारखे असतात. तिथली फूट मॉडेलमुळे पडते. आयओएसची आवृत्ती एकच असूनही 'ॲपल इंटेलिजन्स' आयफोन १५ प्रो आणि त्यापुढच्यांवरच चालतं. साध्या आयफोन १५ वर नाही. स्क्रीन कायम मंद तेवत ठेवण्याची सोय १४ प्रोपासून सुरू झाली. टाइप-सी चार्जिंग १५ पासून. म्हणजे अँड्रॉइडवाल्याने आधी स्किन विचारावी, आयफोनवाल्याने मॉडेल.

अपडेट जाहीर होतं, पण माझ्या फोनवर सहा-सहा महिने का येत नाही?

ते चार हातांतून येतं म्हणून. गूगल मूळ अँड्रॉइड तयार करतं. चिप बनवणारी कंपनी, म्हणजे क्वालकॉम किंवा मीडियाटेक, त्यात आपल्या चिपचे ड्रायव्हर बसवते. मग फोनची कंपनी आपली स्किन चढवून तपासते. शेवटी ते टप्प्याटप्प्याने सोडलं जातं: आधी थोड्या फोनांवर, कुठे काही बिघडत नाही असं दिसलं की बाकीच्यांवर. यातला एक जरी हात थांबला तरी पुढचं अडतं. चिपवाल्याने जुन्या चिपचं काम बंद केलं तर फोन कंपनीची इच्छा असूनही हात बांधलेले राहतात. आयफोनमध्ये चिप, फोन आणि आयओएस एकाच घरचं, म्हणून ज्या रात्री अपडेट निघतं त्याच रात्री ते साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या फोनलाही दिसतं.

गूगलने यावर दोन मोठे उपाय केले. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये 'प्रोजेक्ट ट्रेबल' आणून चिपचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगळा केला, म्हणजे वरचं बदलताना खालचं दरवेळी उकरावं लागू नये. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये 'मेनलाइन' आलं. त्यामुळे सुरक्षेचे काही भाग थेट गूगल प्लेमधून बदलतात, फोन कंपनीला न विचारता. हे अपडेट वेगळ्या जागी असतं, 'गूगल प्ले सिस्टिम अपडेट' या नावाने. बरेच जण ते कधीच उघडत नाहीत. उघडा, आणि डाउनलोड झाल्यावर फोन रीस्टार्ट करा. रीस्टार्टशिवाय ते लागू होत नाही.

या साखळीची गंमत सगळ्या देशाने एकदा पाहिली. १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात ५जी सुरू झालं. ५जी म्हणून विकत घेतलेले फोन खिशात होते, काही शहरांत टॉवरही तयार होते, तरी अनेकांना चिन्ह दिसेना; कारण भारतातल्या कंपन्यांसाठी ते सुरू करणारं सॉफ्टवेअर फोनवर यायचं होतं. यात आयफोनही सुटला नाही. त्याला १३ डिसेंबरच्या आयओएस १६.२ पर्यंत थांबावं लागलं.

'सात वर्षं अपडेट' म्हणतात, ती सात वर्षं कधीपासून मोजायची?

फोन बाजारात आला त्या दिवसापासून. तुम्ही विकत घेतला त्या दिवसापासून नाही. दिवाळीच्या सवलतीत दोन वर्षं जुनं मॉडेल स्वस्तात मिळतं तेव्हा त्याची दोन वर्षं आधीच उडालेली असतात. चार वर्षांचं आश्वासन असलेला फोन असा घेतला, तर हातात दोनच उरतात.

दुसरी मेख: 'अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या' आणि 'सिक्युरिटी अपडेट' ही दोन वेगळी आश्वासनं आहेत. जाहिरातीत मोठा आकडा असतो तो बहुतेकदा दुसऱ्याचा. दुकानात दोन्ही वेगवेगळे विचारा.

गूगलने पिक्सेल ८ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ च्या एस२४ पासून सात वर्षं देऊ केली. ती महागडी मॉडेलं. पण सॅमसंगने २०२४ मध्ये ए१६ ५जी सारख्या हप्त्यावर घेता येणाऱ्या फोनलाही सहा वर्षं दिली, आणि आपल्या बाजारात ही बातमी जास्त मोलाची. ॲपल आधीपासून आकडा सांगत बसत नाही, पण इतिहास बोलका आहे. २०१५ चा आयफोन ६एस आयओएस ९ घेऊन आला आणि त्याला आयओएस १५ पर्यंत सगळ्या आवृत्त्या मिळाल्या. २०१८ चे एक्सआर आणि एक्सएस आयओएस १८ पर्यंत चालले. २०२५ च्या आयओएस २६ साठी मात्र आयफोन ११ किंवा पुढचा लागतो. मध्ये १९ ते २५ कुठे गेले, असं विचारू नका. ॲपलने आकडा वर्षाशी जुळवून घेतला, एवढंच.

अपडेट बंद झालेला फोन वापरला तर काय बिघडतं?

एका दिवसात काहीच नाही. मग एकेक दार बंद होत जातं, आणि ते ठरावीक क्रमाने होतं.

आधी बँकेची ॲप कुरकुरतात. ती गूगलच्या 'प्ले इंटिग्रिटी' या तपासणीवर अवलंबून असतात, आणि अँड्रॉइड १३ पासून पुढच्या फोनांवर त्यातल्या सर्वांत कडक पातळीसाठी गेल्या वर्षभरातलं सिक्युरिटी अपडेट लागतं. कोणतं ॲप कुठली पातळी मागतं हे त्या त्या बँकेवर. त्यामुळे एकाच फोनवर एक बँक चालते, दुसरी चालत नाही. फोन बिघडलाय असं समजून लोक फॉरमॅट मारतात. त्याने काही होत नाही, कारण सिक्युरिटी अपडेटची तारीख तीच राहते.

मग वेबसाइट. अँड्रॉइड ७.१.१ पेक्षा जुन्या फोनांत, वेबसाइटना सुरक्षिततेची प्रमाणपत्रं देणाऱ्या 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेचं नवं मूळ प्रमाणपत्र नाही. जुन्या प्रमाणपत्राच्या आधाराने ते चालत होते, ती मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. दुकानाच्या गल्ल्यावर ठेवलेल्या जुन्या टॅबवर अचानक 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येऊ लागलं असेल तर कारण बहुधा हेच. तारीख-वेळ तपासा, ती बरोबर असूनही येत असेल तर टॅब बदलायची वेळ झाली.

व्हॉट्सॲप बऱ्यापैकी दम धरतं. ते अँड्रॉइड ५ वरही चालत आलं आहे. आयफोनला मात्र मे २०२५ पासून आयओएस १५.१ लागतं. जुना फोन घरात ठेवायचाच असेल तर त्यावरून पैशाचे व्यवहार काढून टाका आणि तो गाणी, रेडिओ, घड्याळ यासाठी वापरा.

व्हॉट्सॲपचे मेसेज ॲप उघडल्यावरच येतात. रेंज तर पूर्ण आहे.

स्किनने ॲपला झोपवलंय. अँड्रॉइडमध्ये मेसेज आल्याची वर्दी गूगलच्या सर्व्हरकडून फोनला मिळते आणि फोन ॲपला उठवतो. पण एखादं ॲप 'फोर्स स्टॉप', म्हणजे सक्तीने बंद केलेल्या अवस्थेत असेल तर फोन त्याला उठवत नाही. काही स्किन बॅटरी वाचवण्यासाठी, तुम्ही ॲप वर सरकवून काढलं की त्याची जवळजवळ तीच अवस्था करून टाकतात. म्हणजे सतत ॲप साफ करत बसण्याची सवय इथे नडते.

सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, बॅटरी, 'बॅकग्राउंड यूसेज लिमिट्स' इथे जा. 'डीप स्लीपिंग ॲप्स'च्या यादीत तुमचं ॲप असेल तर ते काढा आणि 'नेव्हर ऑटो स्लीपिंग ॲप्स'मध्ये घाला. शाओमीत सेटिंग्ज, ॲप्स, मॅनेज ॲप्स, मग ते ॲप. तिथे 'ऑटोस्टार्ट' चालू आणि 'बॅटरी सेव्हर'मध्ये 'नो रिस्ट्रिक्शन्स'. दोन्ही करायचं, एकाने भागत नाही. रिअलमी आणि ओप्पोत ॲप इन्फोमध्ये 'बॅटरी यूसेज' उघडून 'बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी' आणि 'ऑटो लाँच' दोन्हींना परवानगी द्या. विवोत बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'बॅकग्राउंड पॉवर'चा भाग बघा, ऑटोस्टार्टची परवानगी वेगळी द्यावी लागते. बहुतेक स्किनमध्ये अलीकडच्या ॲपच्या यादीत ॲपवर कुलूप लावता येतं; तेही लावा.

मोठं अपडेट आल्यावर हे सगळं पुन्हा तपासा, कारण काही वेळा ते मूळपदावर जातं.

आयफोनमध्ये अशी उलथापालथ नसते. तिथे नोटिफिकेशन ॲपलच्या सर्व्हरवरून येतं आणि नियम सगळ्यांना सारखा. न येण्याचं कारण बहुतेक वेळा 'फोकस' (सूचना अडवून ठेवणं) किंवा 'शेड्यूल्ड समरी' (सूचना एकत्र करून ठरल्या वेळी दाखवणं) चालू असणं, हेच.

फोनबुकमध्ये वकिलांचा नंबर 'ॲड.' टाकून शोधला तर येत नाही, नावाने शोधला तर येतो. असं का?

तुमच्या फोनबुकमध्ये दोन प्रकारचे 'ॲ' आहेत. एक 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर; त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ च्या ५.१ आवृत्तीत मिळाली. त्याआधी लोक 'अ' टाकून त्यावर चंद्र द्यायचे, म्हणजे 'अॅ'. डोळ्यांना दोन्ही सारखे. फोन मात्र आकार बघत नाही, अक्षरामागचे क्रमांक बघतो, आणि ते वेगळे आहेत. एका कीबोर्डने जतन केलेला 'अॅड.' दुसऱ्या कीबोर्डने टाकलेल्या 'ॲड.'ला सापडत नाही. आयफोनवरून अँड्रॉइडवर किंवा उलट गेलात की कीबोर्ड बदलतो आणि हा घोळ वर येतो. उपाय कंटाळवाणा आहे: जुन्या रूपाने शोधा, येतील ती नावं उघडून नव्या 'ॲ'ने जतन करा. फार जुन्या फोनवर नव्या 'ॲ'च्या जागी चौकोन दिसतो. त्या फोनच्या फाँटमध्ये हे अक्षरच नाही.

याचाच भाऊबंद म्हणजे 'ऱ्य'. 'सह्याद्रीच्या दऱ्या' असं लिहून पाठवलं आणि पलीकडे 'सह्याद्रीच्या दर्या' पोचलं, तर दरीचा समुद्र झाला. हा अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो: खाली टिंब असलेल्या 'ऱ'ने, किंवा साध्या 'र'पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. दुसऱ्या रीतीतलं ते अदृश्य चिन्ह काही ॲप आणि सरकारी फॉर्म गाळून टाकतात, आणि र उडी मारून डोक्यावर जाऊन बसतो. नाव-पत्ता भरताना 'ऱ'वाली रीत वापरा. नावात 'ऱ्हा' असलेल्यांनी तर नक्कीच.

हौसेने बाहेरचा फाँट बसवणाऱ्यांसाठी: बहुतेक नक्षीदार फाँटमध्ये देवनागरी नसतेच. इंग्रजी अक्षरं बदलतात, मराठी मूळ फाँटमध्येच राहते, आणि एका ओळीत दोन वेगळ्या उंचीची अक्षरं दिसू लागतात.

आयफोन पूर्ण मराठीत करता येतो का?

येतो, मार्च २०२५ च्या आयओएस १८.४ पासून. त्याआधी कीबोर्ड मराठी होता, मेन्यू नव्हते. अँड्रॉइडमध्ये मराठी मेन्यू खूप आधीपासून आहेत. सगळा फोन मराठीत नको असेल तर एखादंच ॲप मराठीत ठेवता येतं: आयफोनमध्ये ही सोय आयओएस १३ पासून, अँड्रॉइडमध्ये १३ व्या आवृत्तीपासून. आकडा तोच असला तरी मध्ये तीन वर्षांचं अंतर आहे. ॲपनेच मराठी दिलं नसेल तर यादीत भाषा दिसणार नाही.

आयफोनवर गूगलचा जीबोर्ड टाकून मराठी लिहिणाऱ्यांना पासवर्डच्या रकान्यात अचानक ॲपलचा कीबोर्ड दिसतो. तो बिघाड नाही. पासवर्डच्या जागी बाहेरचा कीबोर्ड आयओएस चालू देतच नाही.

रूपरंग किती बदलता येतं?

अँड्रॉइडमध्ये होम स्क्रीनच बदलता येते. नवा लाँचर, म्हणजे होम स्क्रीन दाखवणारं ॲप, टाकायचा आणि सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्समध्ये 'होम ॲप' म्हणून निवडायचा. आयकॉन पॅक, जाळी किती बाय किती, कुठल्या खुणेने काय उघडेल, सगळं हातात. किंमत एवढीच की काही स्किनमध्ये बाहेरचा लाँचर लावला की बोटाने सरकवायच्या खुणा बंद पडतात किंवा अडखळतात आणि तीन बटणांवर परत यावं लागतं. सॅमसंगवाल्यांनी लाँचर बदलण्याआधी गॅलेक्सी स्टोअरमधलं 'गुड लॉक' हे ॲप बघावं. अर्ध्याहून जास्त हौस त्यातच भागते.

आयफोनमध्ये लाँचर बदलता येत नाही आणि येईल असं दिसत नाही. पण २०२० च्या आयओएस १४ मध्ये होम स्क्रीनवर विजेट आले, २०२२ च्या १६ मध्ये लॉक स्क्रीन बदलता येऊ लागली, २०२४ च्या १८ मध्ये आयकॉन हव्या त्या जागी ठेवता आणि रंगवता येऊ लागले. एका अँड्रॉइडवाल्याने २०१० साली केलेली गोष्ट आयफोनवाला २०२४ मध्ये कौतुकाने दाखवतो, हे चिडवणं चालतंच. उलट बाजूला, ज्यांना फक्त लॉक स्क्रीनवर विठोबा आणि तारीख नीट दिसायला हवी, त्यांना दोन्हीकडे फरक पडत नाही.

फोनमध्येच जाहिराती येतात. त्या बंद होतात का?

बऱ्याच. स्वस्त फोनची किंमत काही अंशी या जाहिरातींतून वसूल होते, म्हणून त्या बंद करायची बटणं आडबाजूला असतात. शाओमीत सेटिंग्ज, 'पासवर्ड्स अँड सिक्युरिटी', 'ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन' इथे जाऊन 'एमएसए' ही जाहिराती दाखवणारी सेवा बंद करा. दहा सेकंद थांबवून मग विचारतं, आणि कधी 'जमलं नाही' म्हणतं. इंटरनेट चालू ठेवून पुन्हा करा, दोन-तीनदा करावं लागतं. शिवाय फाइल मॅनेजर, थीम्स, सिक्युरिटी अशा प्रत्येक ॲपच्या सेटिंगमध्ये 'रेकमेंडेशन्स' वेगळं बंद करावं लागतं. लॉक स्क्रीनवर रोज नवं चित्र आणि खाली बातमी येत असेल तर तो वॉलपेपर कॅरोसेल किंवा ग्लान्स. लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये बंद होतो.

आधीपासून भरलेली ॲप काढता येत नसतील तर 'डिसेबल' करा. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या अटींवरून गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. त्यानंतर २०२३ मध्ये गूगलने भारतापुरते काही नियम सैल केले: फोन कंपन्यांना गूगलची ॲप सुटी निवडता येतात आणि नव्या फोनवर शोधयंत्र निवडायला मिळतं. आयफोनमध्ये अशा जाहिराती नसतात. ॲपलची स्वतःची ॲप मात्र भरपूर असतात.

ग्रुपवर 'चलन.एपीके' किंवा 'लग्नपत्रिका.एपीके' आली तर उघडू का?

नाही. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे ॲप बसवायची फाइल.

प्ले स्टोअरबाहेरचं ॲप बसवणं हे अँड्रॉइडचं स्वातंत्र्य आहे आणि त्याचा चोरांना तितकाच उपयोग होतो. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी ॲपनिहाय असते: व्हॉट्सॲपला 'अननोन ॲप्स'ची परवानगी कधीच देऊ नका, म्हणजे निम्मा धोका टळतो. अँड्रॉइड १३ पासून, अशा फाइलमधून आलेल्या ॲपला स्क्रीन वाचण्याची 'ॲक्सेसिबिलिटी' परवानगी सहज मिळत नाही. त्यासाठी ॲप इन्फोमध्ये तीन टिंबांखाली 'अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज' दाबावं लागतं. फोनवर बोलणारा माणूस तुम्हाला हेच बटण दाबायला सांगत असेल, तर तो कोणीही असला तरी फोन ठेवा. बसवलं गेलंच असेल तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लावा. ॲप काढणं त्यानंतर.

आयफोनवर भारतात ॲप स्टोअरशिवाय दुसरं दुकान नाही. मार्च २०२४ च्या आयओएस १७.४ पासून ते युरोपीय संघात सुरू झालं, कायद्यामुळे. स्वतः बनवलेलं ॲप फुकटच्या खात्याने आयफोनवर घालता येतं, पण सात दिवसांनी ते मरतं आणि पुन्हा घालावं लागतं.

शेतात उभं राहून पीक पाहणी करतोय, तरी ॲप म्हणतं गटापासून लांब आहात.

लोकेशनची परवानगी 'अंदाजे' दिली गेली असेल. अँड्रॉइड १२ पासून परवानगी देताना 'प्रिसाइज' आणि 'ॲप्रॉक्सिमेट' असे दोन पर्याय येतात. दुसरा निवडला तर ॲपला सुमारे तीन चौरस किलोमीटर एवढा ढोबळ अंदाज मिळतो. त्यात तुमचाच काय, अख्ख्या शिवाराचा गट बसेल. ॲप इन्फो, परमिशन्स, लोकेशनमध्ये जाऊन 'यूज प्रिसाइज लोकेशन' चालू करा. अँड्रॉइड ११ वर हा पर्यायच नाही, म्हणून शेजाऱ्याच्या जुन्या फोनवर चालतं आणि तुमच्या नव्यावर अडतं.

एवढं करूनही होत नसेल तर पाटणकडच्या दऱ्यांत कारण वेगळं असतं. फोन उपग्रहांची माहिती एरवी इंटरनेटवरून पटकन उचलतो. रेंज नसेल तर तीच माहिती थेट उपग्रहाकडून उतरवावी लागते. त्याला मोकळ्या आकाशाखाली अर्धा मिनिट, आणि डोंगराच्या किंवा उसाच्या आडोशाला बरेच जास्त लागतात. बांधावर मोकळ्या जागी या, बॅटरी सेव्हर बंद करा, स्क्रीन चालू ठेवून दोन-तीन मिनिटं थांबा, मग ॲप उघडा.

कॉल रेकॉर्डिंग एका फोनमध्ये गुपचूप होतं, दुसऱ्यात बाई बोलते.

ते डायलरवर, म्हणजे कॉल लावायच्या ॲपवर आहे. गूगलचा फोन ॲप असेल तर रेकॉर्डिंग सुरू होताच दोघांनाही सूचना ऐकू येते. सॅमसंगचा आणि काही कंपन्यांचा स्वतःचा डायलर भारतात सूचना न देता रेकॉर्ड करतो. प्ले स्टोअरवरची रेकॉर्डिंगची ॲप मे २०२२ पासून निकामी झाली, कारण गूगलने ॲक्सेसिबिलिटीच्या वाटेने रेकॉर्ड करायला बंदी घातली. आयफोनमध्ये ही सोय आयओएस १८.१ पासून आली, सूचनेसह.

कस्टम रॉम टाकून जुना फोन नवा करता येईल का?

लिनेजओएससारखे रॉम, म्हणजे फोन कंपनीऐवजी बाहेरच्यांनी बनवलेलं अँड्रॉइड, चांगले आहेत आणि काही जुन्या फोनांना खरंच वर्षं मिळवून देतात. पण आधी हिशेब मांडा. बूटलोडर, म्हणजे दुसरं सॉफ्टवेअर टाकण्याआधी काढावं लागणारं फोनचं कुलूप, उघडताना सगळा डेटा पुसला जातो. सॅमसंगमध्ये 'नॉक्स' या सुरक्षाव्यवस्थेचा फ्यूज कायमचा उडतो. मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी सिक्युअर फोल्डर परत येत नाही. सिनेमाची चोरी रोखणाऱ्या वाइडवाइन यंत्रणेची पातळी बऱ्याच फोनांत एल१ वरून एल३ वर घसरते, म्हणजे पैसे भरलेल्या सिनेमाच्या ॲपवर चित्राची स्पष्टता ४८०पीच्या आसपास अडकते. आणि बँक व यूपीआयची ॲप चालतील याची हमी नाही. आज चालली तरी उद्या बंद पडू शकतात. एकच फोन असलेल्या माणसाने या वाटेला जाऊ नये. कपाटात पडलेल्या दुसऱ्या फोनवर खुशाल करा.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना व्हॉट्सॲपच्या चॅट येतील?

गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोन वाचत नाही. आयफोन सेट होऊन गेल्यावर हे कळतं आणि मग तो पुन्हा पुसावा लागतो. म्हणून क्रम पाळा: आयफोन कोरा असतानाच जुन्या फोनवर 'मूव्ह टू आयओएस' ॲप टाका, दोन्ही फोन चार्जिंगला आणि एकाच वायफायवर ठेवा, हलवायच्या यादीत व्हॉट्सॲप निवडा, आणि आयफोनवर त्याच नंबरने सुरू करा. चॅटमध्ये लग्नाचे व्हिडिओ ठासून भरलेले असतील तर तासन् तास लागतात. आधी ते साफ करा. कॉलची यादी येत नाही.

अमेरिकेतून भाच्याने आयफोन आणला, सिम कुठे घालायचं?

कुठेच नाही. आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या मॉडेलना सिमचा कप्पा नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं, सॉफ्टवेअरने सुरू होणारं सिम. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये एक सिम आणि एक ई-सिम चालतं. अपवाद आयफोन एअर, तो सगळीकडे ई-सिमवरच. तुमची कंपनी आपल्या सर्कलमध्ये ई-सिम देते का, हे फोन घेण्याआधी विचारा.

बाहेरून आणलेल्या अँड्रॉइडमध्ये आणखी एक खोच असते. जिओला २जी-३जी नाही, कॉल फक्त व्होल्टेवर, म्हणजे ४जीच्या जाळ्यावरून जातात. त्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय कंपन्यांचं व्होल्टे सुरू केलेलं नसेल तर इंटरनेट धावतं आणि कॉल लागत नाही. सिम घालून एक कॉल करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुना फोन घेताना काय तपासायचं?

सुरुवातीच्या तीन नोंदी आधी, मग कुलपं. आयफोन असेल तर विकणाऱ्याने तुमच्यासमोर ॲपल खात्यातून साइन आउट केलं पाहिजे, नाहीतर ॲक्टिव्हेशन लॉक तसाच राहतो आणि फोन पेपरवेट होतो. अँड्रॉइडमध्ये रीसेट करण्याआधी गूगल खातं काढायला लावा. न काढता रीसेट केलेला फोन सुरू होताना जुन्याच मालकाचं खातं मागतो. सॅमसंगमध्ये डाउनलोड मोडमध्ये नॉक्सचा आकडा शून्य आहे का बघा. हप्त्यावर घेतलेला फोन असेल तर कर्ज देणाऱ्याचं लॉकचं ॲप आत असू शकतं, आणि ते फॉरमॅट मारूनही जात नाही. हप्ते फिटल्याचा कागद मागा. शेवटी स्टार-हॅश-०६-हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा, केवायएम लिहून एक जागा सोडून तो नंबर टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. उत्तरात काळ्या यादीतला किंवा दुबार वापरातला नंबर असं आलं, तर फोन काउंटरवर ठेवा आणि निघा.